आयात शुल्क आणि डंपिंगविरोधी शुल्क: ऑर्डर देण्यापूर्वी आयातदाराने करायचे काम

परदेशातून माल मागवणारे बहुतेक जण हिशेबाची सुरुवात एकाच प्रश्नाने करतात: या मालावर ड्युटी किती टक्के? शुल्कपत्रकात समोरासमोर एक दर सापडला की तो किमतीत मिळवतात आणि आगाऊ रक्कम पाठवून मोकळे होतात. माल बंदरात उतरतो, सीमाशुल्क दलाल बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, तयार करायला बसतो, आणि तेव्हा कळते की त्या दराखेरीज आणखी एक शुल्क लागू आहे, तेही टक्क्यात नसून टनामागे ठराविक रकमेत. त्या घडीला हातात फारसे काही उरत नाही. म्हणून या लेखातील पायऱ्या ऑर्डर देण्याच्या आधीच्या काळासाठी लिहिल्या आहेत. काही पायऱ्या मात्र डंपिंगची सरकारी चौकशी सुरू झाल्यावर किंवा शुल्क बसल्यावरही उपयोगी पडतील.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. साधे आयात शुल्क मालाच्या वर्गीकरणाला चिकटलेले असते, तर डंपिंगविरोधी शुल्क मालाचे वर्णन, मूळ देश, उत्पादक आणि निर्यातदार या चौकडीला चिकटलेले असते. या चौघांपैकी एकही बदलला तरी दर बदलू शकतो. गफलती होतात त्या बहुधा इथेच.

पहिली पायरी: शुल्काचे थर वेगळे करणे

सर्वांत खालचा थर मूळ आयात शुल्काचा. जागतिक व्यापार संघटनेच्या प्रत्येक सदस्य देशाने आपल्या शुल्काची कमाल मर्यादा लेखी कबूल केलेली असते. तिला बांधील दर म्हणतात. प्रत्यक्ष आकारला जाणारा लागू दर त्याहून बराच खाली असू शकतो, आणि बांधील दराच्या आत राहून सरकार तो केव्हाही वाढवू शकते. दीर्घ मुदतीचा पुरवठा करार करणाऱ्याने म्हणूनच दोन्ही आकडे पाहावेत, कारण त्यांतील अंतर हीच त्याची जोखीम असते. हे शुल्क मूल्यानुसार, वजनानुसार किंवा नगानुसार असते, किंवा दोन्हींचे मिश्रण असते. काही शेतमालावर शुल्क-कोटा असतो: ठराविक प्रमाणापर्यंत कमी दर, त्यापुढे चढा दर.

त्याच्यावर व्यापारी संरक्षणाचे थर येतात. परदेशी उत्पादक त्याच्या स्वतःच्या देशातील भावापेक्षा कमी भावाने माल पाठवत असेल तर डंपिंगविरोधी शुल्क. परदेशी सरकारने अनुदान दिलेले असेल तर प्रतिपूर्ती शुल्क. आणि कोणाचीही लबाडी नसताना केवळ आयात अचानक वाढून देशी उद्योग अडचणीत आला असेल तर सेफगार्ड शुल्क. सेफगार्ड साधारणपणे सर्व देशांच्या मालावर बसते आणि मुदतवाढीसह आठ वर्षांपलीकडे (विकसनशील देशांत दहा वर्षांपलीकडे) जात नाही. डंपिंगविरोधी शुल्क निवडक देशांवर, त्यातही उत्पादकागणिक वेगळे बसते, आणि त्याच्या एकूण आयुष्याला मर्यादा नाही. दर पाच वर्षांनी फेरतपासणी होऊन ते पुढे चालू राहू शकते. एकाच मालावर हे थर एकदम असू शकतात. मात्र एकाच परिस्थितीची भरपाई म्हणून डंपिंगविरोधी आणि प्रतिपूर्ती अशी दोन्ही शुल्के लावायला गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराच्या सहाव्या कलमात मनाई आहे.

दुसरी पायरी: वर्गीकरण, आणि त्यावर किती विसंबायचे

जागतिक सीमाशुल्क संघटनेची एचएस प्रणाली, म्हणजे प्रत्येक मालाला आकडी कोड देणारी वर्गीकरणाची पद्धत, १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. तिचे पहिले सहा अंक बहुतेक सर्व जगात सारखे असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. प्रणालीत ठराविक काळाने बदल होतात. २०२२ची आवृत्ती १ जानेवारी २०२२ला लागू झाली आणि पुढची १ जानेवारी २०२८ला लागू होणार आहे. जुन्या बिलावरचा कोड तसाच उतरवून घेण्याची सवय या कारणाने महाग पडते.

वर्गीकरण मालाच्या नावावरून होत नाही, शीर्षकांच्या मजकुरावरून आणि विभाग व प्रकरणांच्या टिपांवरून होते. साध्या स्क्रूचे उदाहरण घ्या. लोखंड किंवा पोलादाचा असेल तर ७३१८, तांब्याचा ७४१५, ॲल्युमिनियमचा ७६१६, प्लास्टिकचा ३९२६. आता हाच पोलादी स्क्रू सायकलच्या भागांसोबत आला, तर पुष्कळ जण त्याला सायकलच्या सुट्या भागांत घालतात. पण सर्वसाधारण वापराचे भाग त्या विभागातून टिपेनेच बाहेर काढलेले आहेत, त्यामुळे तो ७३१८मध्येच राहतो. पोलादी स्क्रूवर डंपिंगविरोधी शुल्क असेल तर तो सायकलचा भाग म्हणून दाखवणाऱ्यावर चुकीच्या घोषणेचा ठपका येऊ शकतो, मग हेतू काहीही असो.

शंका असेल तर आगाऊ निर्णय मागावा. व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आहे. त्यानुसार सदस्य देशांच्या सीमाशुल्क खात्यांनी वर्गीकरण आणि मूळ देश या दोन बाबींवर अर्जदाराला बंधनकारक लेखी निर्णय द्यायचा असतो. अर्जासोबत नमुना, तांत्रिक पत्रक, रासायनिक घटकांचे प्रमाण आणि वापराचे वर्णन जोडावे. निर्णयाला वेळ लागतो, पण बंदरात अडकलेल्या कंटेनरच्या भाड्यापेक्षा ते सोसते.

इतके करूनही डंपिंगविरोधी शुल्काबाबत कोड हा केवळ शोध सुरू करण्याची जागा आहे. हे शुल्क लावणाऱ्या सरकारी अधिसूचनांमध्ये शीर्षके दिलेली असतात, पण ती बहुधा सूचक असतात आणि खरी व्याप्ती मालाच्या वर्णनाने ठरते. वर्णनात बसणारा माल दुसऱ्या शीर्षकाखाली आला तरी शुल्कातून सुटेलच असे नाही. उलट, कोड जुळूनही वर्णनात न बसणाऱ्या मालावर ते लागू होत नाही. मी तरी प्रथम वर्णन वाचतो आणि नंतर कोड पाहतो.

तिसरी पायरी: मूल्य आणि मूळ देश

शुल्क कोणत्या रकमेवर मोजायचे हे सीमाशुल्क मूल्यांकन करार ठरवतो. त्यात सहा पद्धती क्रमाने दिलेल्या आहेत आणि पहिली, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारात दिलेली किंमत, हीच सर्वसाधारणपणे लागते. बीजकातील आकड्यात मात्र काही रकमा मिळवाव्या लागतात: विक्री कमिशन, पॅकिंगचा खर्च, मालाच्या विक्रीची अट म्हणून द्यावी लागणारी रॉयल्टी, आणि खरेदीदाराने उत्पादकाला फुकट किंवा सवलतीत पुरवलेले साचे, आराखडे व साहित्य. शेवटची बाब सर्वाधिक विसरली जाते. समुद्रभाडे आणि विमा धरायचा की नाही हे प्रत्येक देश आपापले ठरवतो. युरोपीय संघ आणि भारत धरतात, अमेरिका धरत नाही.

मूळ देशाबाबत दोन वेगळे नियम एकमेकांत मिसळू देऊ नयेत. मुक्त व्यापार करारातील सवलत मिळवण्यासाठी प्राधान्य-मूळाचे नियम असतात, तर डंपिंगविरोधी शुल्कासाठी सामान्यतः बिगर-प्राधान्य नियम लागतात, ज्यांत मालाचे शेवटचे भरीव रूपांतर कुठे झाले हे पाहिले जाते. मुक्त व्यापार कराराचा दाखला हाती असला म्हणजे डंपिंगविरोधी शुल्कही माफ झाले हा समज चुकीचा आहे. त्या दाखल्याने मूळ आयात शुल्क शून्यावर येईल आणि डंपिंगविरोधी शुल्क पूर्णच्या पूर्ण भरावे लागेल, असे सर्रास घडते.

माल ज्या बंदरातून निघाला तो देश मूळ देश असतोच असे नाही. मधल्या बंदरात कंटेनर बदलणे, नवी पेटी, नवे लेबल, वर्गवारी किंवा साधी कापणी यांनी मूळ देश बहुधा बदलत नाही.

चौथी पायरी: अधिसूचना ओळीने वाचणे

हे काम दलालावर सोडू नये. दलाल कागद भरतो, पण तुमचा माल कोणत्या भट्टीतून निघाला हे त्याला ठाऊक नसते.

अधिसूचनेत आधी मालाचे वर्णन येते, मग वगळलेल्या प्रकारांची यादी. ही यादी बारकाईने वाचावी, कारण जाडी, शुद्धता, ग्रेड किंवा अंतिम वापर यांपैकी एखाद्या निकषावर तुमचा माल बाहेर पडत असेल तर तो सिद्ध करणारे चाचणीपत्र मालाबरोबरच यावे लागते. त्याखाली तक्ता असतो. नमुन्यादाखल एका काल्पनिक तक्त्यात तीन ओळी आहेत असे धरू. पहिल्या ओळीत मूळ देश ‘क’, निर्यातीचा देश ‘क’, उत्पादक ‘य’, निर्यातदारही ‘य’, शुल्क टनामागे १८० डॉलर. दुसऱ्या ओळीत मूळ देश ‘क’, उत्पादक कोणताही, निर्यातदार कोणताही, शुल्क ३१० डॉलर. तिसऱ्या ओळीत मूळ देश ‘क’ आणि निर्यातीचा देश ‘क’ सोडून इतर कोणताही, शुल्क ३१० डॉलर.

आता तुम्ही ‘य’ या उत्पादकाचाच माल घेतला, पण बीजक एका मध्यस्थ व्यापाऱ्याने तिसऱ्या देशातून काढले, तर काय? उत्पादक पहिल्या ओळीतला आहे, निर्यातदार नाही. जोडी जुळत नसल्याने १८०चा दर मिळणे कठीण होते आणि माल ३१०च्या ओळीत घसरतो. नावातील किरकोळ फरकही तपासावा. एकाच समूहाच्या दोन कंपन्या, दोन कारखाने किंवा नाव बदललेली कंपनी या वेगळ्या व्यक्ती मानल्या जाऊ शकतात. खरेदी करारात म्हणूनच केवळ विक्रेत्याचे नाव न लिहिता उत्पादकाचे पूर्ण नोंदणीकृत नाव आणि कारखान्याचा पत्ता लिहून घ्यावा, आणि बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती) व चाचणी प्रमाणपत्र या चारही कागदांवर तेच नाव अक्षरशः तसेच येईल अशी अट घालावी.

अधिसूचनेची तारीख आणि मुदतही पाहावी. मुदत संपत आली असेल आणि सनसेट रिव्ह्यू, म्हणजे मुदतअखेरची फेरतपासणी, सुरू झाली असेल तर निकाल लागेपर्यंत शुल्क चालू ठेवण्याची मुभा जागतिक व्यापार संघटनेच्या डंपिंगविरोधी करारातच आहे.

पाचवी पायरी: पोहोच खर्च मांडणे

वरच्याच तक्त्यावर हिशेब करू. वीस टन माल, भाडे-विम्यासह किंमत टनामागे १,००० डॉलर, म्हणजे एकूण २०,००० डॉलर. मूळ आयात शुल्क १० टक्के धरले तर २,००० डॉलर. पहिल्या ओळीनुसार डंपिंगविरोधी शुल्क ३,६०० डॉलर. म्हणजे करापूर्वीचा खर्च २५,६०० डॉलर, टनामागे १,२८० डॉलर. माल दुसऱ्या ओळीत गेला तर डंपिंगविरोधी शुल्क ६,२०० डॉलर होते आणि टनामागे खर्च १,४१० डॉलरवर जातो. मध्यस्थाच्या बीजकाने टनामागे १३० डॉलरचा फरक पाडला. त्याने देऊ केलेली उधारी किंवा सूट इतकी मोठी क्वचितच असते. देशांतर्गत मूल्यवर्धित कर असेल तर तो बहुधा या सगळ्या शुल्कांसह झालेल्या रकमेवर लागतो, म्हणून रोकड किती अडकेल याचा हिशेब वेगळा करावा.

शुल्क नेहमीच ठराविक रकमेत असते असे नाही. कधी ते टक्क्यात असते, तर कधी संदर्भ किंमत ठरवून तिच्या आणि पोहोच किमतीच्या फरकाइतके आकारले जाते. संदर्भ किंमत १,२५० डॉलर आहे आणि पोहोच किमतीत मूळ आयात शुल्क धरायचे आहे असे समजा. माल १,००० डॉलरला घेतला तर पोहोच किंमत १,१०० आणि शुल्क १५०. घासाघीस करून माल ९५०ला मिळवला तर पोहोच किंमत १,०४५ आणि शुल्क २०५. दोन्ही वेळा खर्च १,२५०च. मिळवलेली सूट जशीच्या तशी सरकारजमा झाली. अशा अधिसूचनेखाली भाव पाडून घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा दर्जा, उधारीची मुदत किंवा पुरवठ्याची हमी यांवर बोलणी करणे शहाणपणाचे.

सहावी पायरी: शुल्काचा आकडा कसा येतो हे समजून घेणे

ही पायरी अनेकांना अनावश्यक वाटते. पण चौकशीत बोलायचे असेल किंवा पुढच्या वर्षीचा दर कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज घ्यायचा असेल तर तिच्याशिवाय भागत नाही.

डंपिंग म्हणजे स्वस्त माल नव्हे. कायद्याच्या भाषेत, निर्यात किंमत ही सामान्य मूल्यापेक्षा, म्हणजे निर्यातदाराच्या स्वतःच्या देशातील नेहमीच्या व्यवहारातील विक्री किमतीपेक्षा, कमी असणे म्हणजे डंपिंग. जगातील सर्वांत स्वस्त उत्पादक घरीही तितकाच स्वस्त विकत असेल तर तो डंपिंग करत नाही. देशांतर्गत विक्री निर्यातीच्या पाच टक्क्यांहून कमी असेल तर ती साधारणतः पुरेशी मानली जात नाही, आणि मग तिसऱ्या देशाला झालेली निर्यात किंवा उत्पादनखर्च, प्रशासकीय खर्च व वाजवी नफा मिळून रचलेले मूल्य वापरले जाते.

दोन्ही किमती कारखान्याच्या दारापाशी आणून तोलतात. आपल्या उदाहरणात ‘य’ कंपनी स्वदेशात माल १,३०० डॉलरला विकते. त्यातून वाहतूक ४०, उधारीचा खर्च ३०, पॅकिंग १० वजा केले की सामान्य मूल्य १,२२०. निर्यातीच्या १,०००मधून समुद्रभाडे ६०, विमा ५, अंतर्गत वाहतूक २५, कमिशन १० वजा केले की निर्यात किंमत ९००. डंपिंग मार्जिन ३२० डॉलर, निर्यात किमतीच्या सुमारे ३५.६ टक्के. मग शुल्क १८०च का? कारण तपास यंत्रणेने देशी उद्योगाची हानी न करणारी किंमत १,२८० ठरवली, पोहोच किंमत १,१०० होती, आणि हानी भरून काढायला १८० पुरे होते. याला कमी शुल्काचा नियम म्हणतात. करारात तो इष्ट म्हटला आहे, सक्तीचा नाही. भारत आणि युरोपीय संघ तो सामान्यतः पाळतात, अमेरिका पाळत नाही; तिथे याच आकडेमोडीत पूर्ण मार्जिन लागले असते.

सरासरी काढताना ऋण फरक शून्य धरण्याची एक युक्ती होती. एका व्यवहारात २०० डॉलरचे डंपिंग आणि तितक्याच मालाच्या दुसऱ्या व्यवहारात २०० डॉलर जादा किंमत असेल तर खरी सरासरी शून्य येते. जादा किंमत शून्य धरली की सरासरी १०० डॉलर दिसते. भारतातून जाणाऱ्या चादरींवर युरोपीय समुदायाने लावलेल्या शुल्काच्या वादात जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने मार्च २००१मध्ये ही रीत कराराशी विसंगत ठरवली. पुढे अमेरिकेविरुद्धही अशाच प्रकरणांची रांग लागली.

डंपिंग सिद्ध झाले तरी तेवढ्याने शुल्क बसत नाही. देशी उद्योगाची भरीव हानी आणि त्या हानीचे कारण डंपिंगचा मालच असणे, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. मागणी घटली, तंत्रज्ञान जुने झाले, कारखान्यात संप झाला, निर्यात रोडावली, अशा इतर कारणांची हानी डंपिंगच्या खात्यावर टाकता येत नाही. आयातदाराच्या हातातील सर्वांत धारदार मुद्दा बहुधा हाच असतो.

सातवी पायरी: चौकशी सुरू झाली तर

चौकशीची सूचना प्रसिद्ध होते त्या दिवसापासून घड्याळ चालू होते. करारानुसार आयातदार हा हितसंबंधी पक्ष असतो, त्याला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क असतो. पण मुदतीत नाव नोंदवले नाही तर तो हक्क कागदावरच राहतो. भारतात हे काम व्यापार उपाय महासंचालनालय पाहते आणि शुल्काचा अंतिम निर्णय अर्थ मंत्रालय घेते. अमेरिकेत डंपिंगचा हिशेब वाणिज्य विभाग करतो आणि हानीचा निर्णय आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग देतो. युरोपीय संघात दोन्ही कामे युरोपीय आयोगाकडे आहेत.

आधी उंबरठे तपासावेत. तक्रारीला साथ देणाऱ्या देशी उत्पादकांचे उत्पादन, बाजू घेणाऱ्या सर्वांच्या, म्हणजे समर्थक आणि विरोधक मिळून होणाऱ्या, उत्पादनाच्या निम्म्याहून जास्त आणि देशाच्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावे लागते. डंपिंग मार्जिन २ टक्क्यांहून कमी निघाले, किंवा एखाद्या देशाचा आयातीतील वाटा ३ टक्क्यांहून कमी असला, तर त्या देशापुरती चौकशी बंद व्हायला हवी. मात्र असे छोटे देश मिळून ७ टक्क्यांच्या वर जात असतील तर ही सूट मिळत नाही.

परदेशी उत्पादकाला प्रश्नावलीचे उत्तर द्यायला किमान ३० दिवस मिळतात. तुमच्या पुरवठादाराला उत्तर देण्यासाठी उद्युक्त करणे हे आयातदाराचे पहिले काम समजावे. त्याने उत्तर दिले नाही तर यंत्रणा उपलब्ध माहितीवर, म्हणजे बहुधा तक्रारदाराच्या आकड्यांवर, निर्णय घेते. तक्त्यातील ३१०ची ओळ अशाच गप्प बसलेल्यांसाठी असते. छोटे पुरवठादार खर्चाला भिऊन गप्प राहतात आणि पुढची पाच वर्षे त्यांचे ग्राहक ती किंमत मोजतात.

स्वतःच्या निवेदनात व्यापक तक्रारी करण्यापेक्षा एखादा नेमका मुद्दा लढवावा. तुम्हाला लागणारा ग्रेड देशात बनतच नसेल तर तो वगळण्याची मागणी करा, आणि सोबत देशी उत्पादकांना पाठवलेल्या चौकशीपत्रांच्या प्रती, त्यांचे नकार किंवा नापास झालेल्या नमुन्यांचे अहवाल जोडा. ‘देशी माल चांगला नसतो’ या वाक्याला किंमत नाही. अमुक तारखेला मागवलेल्या नमुन्यात आर्द्रता विहित मर्यादेबाहेर होती, या अहवालाला आहे. गोपनीय माहिती देताना तिचा उघड सारांशही द्यावा लागतो, नाहीतर ती विचारात न घेण्याची मुभा यंत्रणेला मिळते. निर्णयापूर्वी महत्त्वाची तथ्ये सर्व पक्षांना उघड केली जातात. त्यावर म्हणणे मांडण्याची मुदत थोडकी असते, म्हणून त्या आठवड्यात वकील आणि हिशेबनीस दोघेही मोकळे ठेवावेत.

चौकशी सर्वसाधारणपणे एका वर्षात आणि जास्तीत जास्त १८ महिन्यांत संपायला हवी. तात्पुरते शुल्क सुरुवातीपासून ६० दिवसांच्या आत लावता येत नाही. या फटीत भराभर माल मागवून गोदाम भरण्याचा मोह होतो. पण थोड्या काळात मोठी आयात झाली आणि आयातदाराला डंपिंगची कल्पना होती असे दिसले, तर तात्पुरत्या शुल्काच्या आधीच्या ९० दिवसांपर्यंतच्या मालावर पूर्वलक्षी शुल्क लावता येते; अर्थात चौकशी सुरू होण्यापूर्वी आलेला माल त्यातून सुटतो. अंतिम शुल्क तात्पुरत्यापेक्षा जास्त ठरले तर वरचा फरक वसूल होत नाही, आणि कमी ठरले तर फरक परत मिळतो.

चालू करारांत या काळात एक कलम घालून घ्यावे: माल निघाल्यानंतर नवे शुल्क लागू झाले तर ऑर्डर रद्द करण्याचा हक्क कोणाला आणि भार कोणावर. मात्र ‘शुल्क आम्ही परत करू’ असे निर्यातदाराचे आश्वासन घेऊ नये. अमेरिकेत अशी परतफेड निर्यात किमतीतून वजा होते आणि शुल्क दुप्पट होण्याची वेळ येते. परतफेड झालेली नाही असे लेखी निवेदन आयातदाराला द्यावे लागते.

आठवी पायरी: शुल्क बसल्यानंतर

अमेरिकेची पद्धत इतरांहून वेगळी आहे आणि तिथे माल नेणाऱ्याने ती समजून घेतलीच पाहिजे. तिथे आयातीच्या वेळी भरतात ती केवळ ठेव. खरा दर नंतरच्या प्रशासकीय फेरतपासणीत ठरतो आणि वाढला तर फरक व्याजासह मागितला जातो, तोही माल विकून खाल्ल्यानंतर. युरोपीय संघ आणि भारत यांची पद्धत पुढे पाहणारी आहे: आयातीच्या दिवशीचा दर तोच त्या मालापुरता हिशेब. आकारलेले शुल्क प्रत्यक्ष डंपिंग मार्जिनपेक्षा जास्त असल्याचे दाखवता आले तर परताव्याची तरतूद आहे, पण त्यासाठी निर्यातदाराचे आकडे लागतात, आणि ते मिळवणे हीच खरी कसोटी असते.

चौकशीच्या काळात ज्याने निर्यातच केली नव्हती असा नवा उत्पादक स्वतःसाठी वेगळा दर मागू शकतो, मात्र शुल्क लागलेल्या उत्पादकांशी त्याचा संबंध नसावा. काही निर्यातदार ठराविक किमतीखाली न विकण्याची हमी देतात आणि ती स्वीकारली गेली तर शुल्काऐवजी हमी लागू होते. आणलेला माल पुन्हा निर्यातीच्या वस्तूत जात असेल तर सवलतीचे नियम पाहावेत: भारतात ॲडव्हान्स ऑथरायझेशनखाली, म्हणजे निर्यातीसाठी कच्चा माल शुल्कमुक्त आणण्याच्या परवान्याखाली, आणलेल्या कच्च्या मालाला सूट मिळू शकते, अमेरिकेत भरलेले डंपिंगविरोधी शुल्क निर्यातीवर परत मिळत नाही.

नववी पायरी: वळसा घालून आलेल्या मालापासून सावधगिरी

शुल्क बसल्यावर काही महिन्यांत तोच माल शेजारच्या एखाद्या देशातून, ज्याच्याकडे तो बनवण्याचा कारखाना असल्याचे कोणी ऐकलेले नसते, अगदी जुन्या भावात देऊ केला जातो. जागतिक व्यापार संघटनेत चुकवेगिरीविरुद्ध एकमताचे नियम झालेले नाहीत, पण मोठ्या आयातदार देशांनी आपापले कायदे केलेले आहेत. मालात नगण्य बदल करणे, सुटे भाग तिसऱ्या देशात जुळवणे आणि कमी दराच्या उत्पादकाच्या नावाने माल पाठवणे हे नेहमीचे प्रकार त्यांत येतात. अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने २०२२मध्ये कंबोडिया, मलेशिया, थायलंड आणि व्हिएतनाम येथून येणाऱ्या सौर सेल व मॉड्यूलची अशी चौकशी सुरू केली आणि ऑगस्ट २०२३च्या अंतिम निर्णयात काही कंपन्या चिनी मालावरचे शुल्क चुकवत असल्याचे ठरवले.

अशा सौद्यात ‘मूळ देशाचा दाखला दिला आहे’ एवढ्यावर थांबू नये. पुरवठादाराकडे कच्च्या मालाच्या खरेदीची बिले, कारखान्याच्या वीजवापराचे आणि स्थापित क्षमतेचे आकडे, लॉट क्रमांकासह उत्पादनाच्या नोंदी आणि कारखान्यातून बंदरापर्यंतच्या वाहतुकीचे कागद मागावेत. महिन्याला शंभर टन क्षमतेचा कारखाना तुम्हाला एकट्याला दोनशे टन देत असेल तर उत्तर तिथेच मिळते. शक्य असेल तर माल लादताना तटस्थ तपासनीस पाठवावा आणि त्याच्या अहवालात पेट्यांवरील खुणा, खोडलेली किंवा नव्याने चिकटवलेली लेबले यांचा उल्लेख मागावा. पुरवठादार हे कागद द्यायला टाळाटाळ करू लागला, तर आगाऊ रक्कम पाठवण्याचे काम तिथेच थांबवावे आणि जुन्याच उत्पादकाकडून पहिल्या ओळीच्या दराने माल आणण्याचा हिशेब पुन्हा मांडावा.